मास्तरांच्या झाडाचा तांबेरा

सोमवारी सकाळी शर्ट बादलीत टाकायच्या आधी कृपाने बाही उलटी करून पाहिली आणि तिचा हात तिथेच थांबला. "अहो, हे काय लावून आणलंत? कालचा चर्चचा शर्ट हा." शांतवन भिंगारदिवे चहाचा कप घेऊन मोरीच्या दारात आला. डाव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी भुकटीचा पट्टा ओढलेला होता. दुसरा कोणी असता तर गंजलेल्या फाटकाला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण शांतवन नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता, आणि त्यातही त्याचा जीव अडकला होता तो तांबेऱ्यात. पानांवर तांबूस पुरळ उठवणारी, हात लावला की बोटांना पावडर लागणारी ती बुरशी. गव्हावरची, ज्वारीवरची, जिथे मिळेल तिथली तो गोळा करी. काष्टीच्या बाजारात एकदा कडब्याची पेंढी भिंगाखाली धरून तो इतका वेळ उभा राहिला होता की विकणारा म्हणाला, "घ्यायचा न्हाई तर वाचताय काय त्याच्यावर?" कॉलेजातली पोरं त्याला पाठीमागे तांबेरे सर म्हणत. त्याने कप खिडकीत ठेवला आणि कृपाच्या हातातून शर्ट अलगद सोडवून घेतला. "साबण लावू नकोस." "शर्टाला साबण लावू नको, तर काय लावू?" असं म्हणून कृपाने दुसरा कपडा उचलला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आज दुपारी छगन येणार आहे कुऱ्हाड घेऊन. पप्पा झाड तोडतायत."

"कुठलं झाड?" त्याने विचारलं. विचारतानाच त्याला कळलं की हा प्रश्न विचारायला नको होता. कृपाने चादर पिळली, आणि जरा जास्तच जोरात पिळली. सावेडीला तिच्या वडिलांच्या अंगणात झाड होतं ते एकच. फिलिप साळवे मास्तर त्याला पिस्त्याचं झाड म्हणत आणि सारी आळी त्याला मास्तरांचं झाड म्हणे. फाळणीच्या आधी, शाळेत शिकवायला लागण्यापूर्वी, मास्तर क्वेट्ट्याला लष्कराच्या कोठारात कारकून होते. तिथून निघताना एका माळ्याने कोटाच्या खिशात मूठभर कच्चे पिस्ते घातले, ते त्यांनी नगरला येऊन पेरले, आणि त्यातला एक उगवला, अशी ही हकीकत. आळीतल्या लोकांची हकीकत वेगळी होती. मास्तरांनी रेल्वेत चांगले पिस्ते खाऊन टाकले आणि उरले ते खारे पेरले, म्हणूनच त्या झाडाला आजवर एक फळ धरलं नाही, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. मास्तर ऐकून घेत आणि झाडाला पाणी घालत. त्यांची बायको गेली तेव्हा झाड कमरेएवढं होतं. दफनाहून घरी आल्यावर त्यांनी कोट काढायच्या आधी त्याला बादलीभर पाणी घातलं, असं कृपाने एकदा सांगितलं होतं. शांतवनला ते नीट आठवत होतं, आणि नेमकं आज आठवायला नको होतं.

त्याने भूक नाही म्हणून सांगितलं, शर्टाची घडी घातली, भुकटी आतल्या बाजूला राहील अशी, ती घडी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि सायकल काढली. माळीवाड्यातून कॉलेजपर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता, त्यामुळे डोकं रिकामं राही, आणि रिकामं राहिलं की ते मागे जाई. ते पहिल्यांदा कालच्या रविवारावर गेलं. काल कापणीचा सण होता. पीक निघालं की चर्चमध्ये प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवायचं, बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासना संपल्यावर बाहेर पटांगणात त्याचा लिलाव करायचा, अशी रीत. मास्तर दरवर्षी आपल्या झाडाची एक हिरवी फांदी आणत. फळ नाही तर पानं तरी, असं म्हणत. दरवर्षी कोणीतरी दयाबुद्धीने ती रुपया-दोन रुपयांना घेई. काल लिलाव पुकारणाऱ्याने फांदी उंच धरली आणि थट्टेनेच विचारलं, "हे काय म्हणून पुकारू?" आणि शांतवनच्या तोंडून निघून गेलं, "मोईची फांदी, चार आणे." पटांगणभर हशा पिकला. पाय बांधलेली कोंबडीसुद्धा ओरडली. मास्तर पुढे आले, त्यांनी पुकारणाऱ्याच्या हातातून फांदी घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघाले. जाताना ती शांतवनच्या डाव्या हाताला घासली. आज बाहीवर होतं ते तेच.

मोई. या शब्दाचाही इतिहास होता. मोई म्हणजे बांधावर, कुंपणाला आपोआप वाढणारं झाड, ज्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. शांतवन कृपाला पाहायला सावेडीला गेला तो फाल्गुनात. अंगणात एक झाड उभं होतं, अंगावर एक पान नाही. मास्तर म्हणाले, "हा आमचा पिस्ता." शांतवन तेव्हा नुकताच एम.एस्सी. झाला होता आणि जगातली सगळी झाडं आपल्याला आपली नावं सांगायला उभी आहेत असं त्याला वाटत असे. त्याने सालीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ही तर मोई." चहा अजून आला नव्हता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा." लग्न झालं, कारण कृपाने हो म्हटलं होतं आणि मास्तर मुलीच्या शब्दाबाहेर नव्हते. पण त्या दिवसापासून सासऱ्याला काय म्हणावं हे शांतवनला जमलं नाही. मास्तर म्हणावं तर परकं वाटे, पप्पा म्हणावं तर जीभ वळत नसे. इतकी वर्षं त्याने सगळी वाक्यं 'ते मी काय म्हणत होतो' अशी सुरू केली होती. आणि झाडाकडे त्याने पुन्हा पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला, त्याचं नाव तर सांगून झालं होतं. त्याखाली खुर्ची टाकून त्याने कितीदा चहा घेतला, त्याला सायकल टेकवली, पण एकदा वर मान करून पान बघितलं नाही.

प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची मुलं वाट बघत होती. त्यांना कांद्याचा पापुद्रा सोलून त्याची आकृती काढायला बसवून तो खिडकीजवळच्या पितळी सूक्ष्मदर्शकाशी गेला. सुईच्या टोकाने बाहीवरची चिमूटभर भुकटी काचेवर घेतली, वर पाण्याचा थेंब, वर पातळ काच. आरसा फिरवून उजेड आत घेतला. नळी खाली-वर झाली आणि एका क्षणी धुकं जाऊन सगळं स्वच्छ दिसायला लागलं. गोल, चपटे, काळपट तांबूस दाणे. प्रत्येक दाणा एकाच कप्प्याचा, दोन कप्प्यांचा नाही, वर बारीक पुरळ, आणि प्रत्येकाला एक लांबलचक पांढरी शेपटी. फोडणीतली मोहरी कोणी एकेका दोऱ्याला बांधून ठेवावी तशी. असलं रूप त्याने फक्त चित्रात पाहिलं होतं. नगर जिल्ह्यात सोडा, दख्खनमध्ये कोणी पाहिल्याचं त्याने वाचलं नव्हतं. आणि मोईवर तर कुणी कधीच नोंदवलेलं त्याला माहीत नव्हतं. मोईवर नाही, म्हणजे ही नवी. नवी म्हणजे तिला नाव द्यावं लागणार. आणि तांबेऱ्याचं लॅटिन नाव जिथे जिथे छापलं जाईल, तिथे तिथे मागे नाव देणाऱ्याचं आडनाव छापलं जाईल, जगाच्या अंतापर्यंत. भिंगारदिवे. त्याने ते मनातल्या मनात लॅटिनच्या मागे लावून पाहिलं. फार छान बसत होतं. राहुरीच्या नव्या विद्यापीठातल्या ज्या साहेबांनी त्याला मुलाखतीत, "तांबेऱ्यात आता नवं काय राहिलंय?" असं विचारलं होतं, त्यांना ते नाव छापलेल्या अंकाची एक प्रत टपालाने पाठवायची हेही त्याने ठरवून टाकलं. मग त्याचं मन एकदम मोठं झालं. नव्या बुरशीला सासऱ्याचंच नाव द्यावं, साळवेई, असं त्याला वाटलं. मास्तरांना केवढा आनंद होईल. झाड तोडलं गेलं तरी रोगाच्या रूपाने नाव राहील. हा विचार आपल्याला चांगला का वाटतोय, अशी एक शंका त्याला चाटून गेली, पण तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

नवी म्हणायची तर आधी जुन्यांशी ताडून बघायला हवी. त्याने कपाटातून जाडा ग्रंथ काढला, धूळ शर्टालाच पुसली, मग कुठल्या शर्टाला पुसली ते बघून दचकला. सुदैवाने अंगावरचाच होता. पान उलटलं. दाण्याचा आकार, जुळला. शेपटीची लांबी, जुळली. याच बुरशीचे दुसऱ्या प्रकारचे दाणे, लांबट, आणि त्यांच्यावर पुरळांच्या ओळी वळणं घेत चढलेल्या. त्याने सुई पुन्हा बाहीवर नेली, दुसरी काच केली आणि बघितलं. ओळी वळणं घेत चढल्या होत्या. त्याने तिसरी काच केली, या आशेने की तिच्यात तरी ओळी सरळ असतील. नव्हत्या. ग्रंथात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही बुरशी पिस्त्यावर आणि त्याच्या सख्ख्या रानटी भावंडांवर वाढते. शांतवन पुस्तक उघडं ठेवून बसला. मागे मुलं कांद्यामुळे डोळे पुसत होती. आता दोघांपैकी एकाची चूक होती, त्याची किंवा बुरशीची. आणि तांबेरा खाण्याच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ असतो, हे तोच दरवर्षी वर्गात सांगत असे. गव्हावरचा हरभऱ्याला तोंड लावत नाही, मेला तरी लावत नाही. बुरशीने ते झाड खाऊन बघितलं होतं. त्याने नुसती साल बघितली होती.

तरी त्याने हार मानली नाही. मोईचं एक पान म्हणजे सात, नऊ, अकरा पर्णिका एका देठावर. पिस्त्याला तीन, फार तर पाच. काल फांदी अंगाला घासून गेली, ती डोळ्यांसमोर आणून त्याने मोजायला घेतली. पहिल्यांदा सात आल्या. तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच त्याचा विश्वास बसेना. पुन्हा मोजल्या तर पाच आल्या. 'आधी पानं मोजा, मग तोंड उघडा,' हे प्रयोगशाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात कायमचं लिहिलेलं होतं. ते त्याने वाचलं. आणि मग, कसलंही बोलावणं नसताना, त्याला तो फाल्गुन आठवला. चहाचा ट्रे घेऊन कृपा बाहेर आली होती. कप देताना तिच्या बोटांना वास येत होता, रंगाच्या दुकानात येतो तसला, टर्पेंटाइनचा. ही पोरगी चित्रं काढत असेल असं त्याला वाटलं होतं. तेवढ्या एका वासावर त्याने ती चित्रं काढते, सुंदर काढते, आणि आपल्याला रंगवून देणार आहे, इथपर्यंत मजल मारली होती. पुढे कळलं की तिला साधा मोरसुद्धा काढता येत नाही. तिने चुलीसाठी अंगणातल्या झाडाच्या काटक्या मोडल्या होत्या. तेवढंच. मोईच्या काटकीला असला वास नसतो. पिस्त्याच्या चिकाला असतो. म्हणजे पुरावा पहिल्याच दिवशी त्याच्या नाकाखाली धरला गेला होता, कपबशीसकट, आणि त्याने त्यातून नुसतं लग्न उचललं होतं. त्याला एकट्यालाच हसू आलं आणि लगेच त्याने घड्याळाकडे पाहिलं.

मुलांना सोडून तो सायकलवर बसला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दिल्ली दरवाजातून बाहेर पडल्यावर सावेडीचा रस्ता सरळ. तो सरळ गेला नाही. वाटेत एका हॉटेलात शिरून त्याने मिसळ मागवली. आता भूक लागली होती, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. न बोलता नुसतं बसून राहिलं तर काय होईल याचा तो हिशेब करत होता. छगन दुपारी येणार. संध्याकाळपर्यंत झाड आडवं होणार, रात्रीत लाकडं होणार. पानं वाळून उडून जाणार. मग जगात त्या झाडाचा एकच साक्षीदार उरेल, शर्टाची डावी बाही, आणि त्या बाहीवर 'मोई' अशी चिठ्ठी लावायचा अधिकार फक्त त्याचा. दाणे थोडेफार जुळतात, पण झाड वेगळं, तेव्हा जात नवी, असं लिहिता येत होतं. कोणीही खोडून काढू शकलं नसतं. भिंगारदिवे, जगाच्या अंतापर्यंत. आणि उठून गेलं तर काय, तर एक जुनी, नाव असलेली, भलत्याच कोणाची तरी बुरशी, आणि म्हातारा बरोबर. इतकी वर्षं बरोबर. दुसरा पाव घेताना त्याला वाटलं की म्हाताऱ्याने स्वतःच तोडायचं ठरवलंय, आपण कुठे सांगितलं. पुढचा घास तोंडात घातला आणि काल फांदी परत घेताना मास्तरांनी ती कशी धरली होती ते त्याला दिसलं. पानं खाली लोंबू नयेत म्हणून खालून हात लावला होता, तान्ह्या मुलाच्या मानेखाली लावतात तसा. त्याला स्वतःची लाज वाटली, सरळ आणि साधी. अर्धी मिसळ टाकून तो उठला. "तिखट झाली का, सर?" हॉटेलवाल्याने विचारलं. "हो," शांतवन म्हणाला आणि सायकल दामटली.

फाटकातूनच त्याला तोडलेली फांदी दिसली. एकच, खालची. छगन, गावाकडून लाकडं फोडायला येणारा उंच काळा माणूस, कुऱ्हाड मांडीवर घेऊन तंबाखू मळत बसला होता. मास्तर झाडाकडे पाठ करून खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र कालचं होतं.

"या शांतवनराव," मास्तर पान न उलटता म्हणाले. "कॉलेजला सुट्टी?"

"ते मी काय म्हणत होतो," शांतवन धापा टाकत म्हणाला, "झाडाला रोग झालाय."

"होऊ दे. आता तासाभराचा प्रश्न आहे."

"पिस्त्याचा रोग आहे."

मास्तरांचं पान उलटायला निघालेलं बोट तिथेच राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे पिस्त्याला होतो. मोईला होत नाही." पुढचं वाक्य त्याने जमिनीकडे बघत म्हटलं. "हा पिस्ता आहे. माझं चुकलं. पहिल्या दिवशीच चुकलं."

मास्तर उठले, आत गेले. छगन म्हणाला, "म्हंजी तोडायचं न्हाई व्हय? येक फांदी गेली की वो." शांतवनने आयुष्यात पहिल्यांदा वर मान करून त्या झाडाची पानं मोजली. पाच. शेजारी तीन. मग पुन्हा पाच. पानांच्या पाठीवर तपकिरी पुरळ भरगच्च उठला होता. मास्तर चष्मा लावून बाहेर आले. चष्म्याच्या आतून डोळे पुसल्याची खूण काचेवर राहिली होती. त्यांनी एक पान हातात घेतलं आणि उलटं केलं. "हेच?"

"हो."

"मरेल?"

"नाही. पानं लवकर गळतील तेवढी. पडलेली गोळा करून जाळायची."

"नाव काय या रोगाचं?"

"पिलिओलारिया."

मास्तरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा शांतवनपेक्षा चांगलं म्हटलं. मग ते तरातरा कुंपणापाशी गेले. पलीकडे गोजरबाई शेवग्याच्या शेंगा निवडत होती. "गोजरबाई," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या पिस्त्याला रोग झालाय."

"अगं आई," गोजरबाई म्हणाली. "मग आता?"

"आता काय? पिस्त्याचाच आहे. दुसऱ्या कुठल्या झाडाला होत नाही." त्यांनी पान कुंपणावरून तिच्या हातात दिलं. "नीट बघून घे. पिलिओलारिया." मग आणखी दोन पानं तोडून खिशात घातली. संध्याकाळी पाळकसाहेबांकडे जायचं होतं म्हणे. तांबेरा असा घरोघर वाटणं शास्त्राच्या दृष्टीने बरं नव्हतं, पण शांतवन गप्प बसला.

रोग आला कुठून, याचाही उलगडा झाला. मास्तरांचा मुलगा आमोस लष्करात, त्याची नेमणूक काश्मीरकडे. गेल्या हिवाळ्यात रजेवर येताना त्याने करंडीभर अक्रोड आणले होते. अक्रोडांच्या खाली-वर सुकी पानं भरलेली होती. मास्तरांनी अक्रोड वाटून टाकले आणि पानं खत म्हणून झाडाच्या बुंध्याशी घातली. "तिकडे याचा रानटी भाऊबंद वाढतो," शांतवन म्हणाला. "त्याची असणार ती पानं. त्याच्याकडून आलाय." मास्तरांनी मान हलवली. "भाऊबंदांकडून दुसरं काय यायचं," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला. "शांतवनराव, येत्या रविवारी उपासना संपली की पटांगणात उभं राहायचं. काल जिथून बोललात तिथंच. आणि तितक्याच मोठ्यानं."

"हो," शांतवन म्हणाला. त्याला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या, पण बरंही वाटलं.

मास्तर खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी खुर्ची झाडाकडे तोंड करून फिरवली. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग फळ का येत नाही?" एरवी हा प्रश्न ऐकायला शांतवनने काय वाटेल ते दिलं असतं. आज त्याला उत्तर द्यायचं जिवावर आलं. एक तर याला हाडं गोठवणारी थंडी लागते, ती नगरला नाही. ते त्याने सांगितलं नाही. दुसरं सांगितलं. "एकटं आहे. यांच्यात नर आणि मादी अशी वेगवेगळी झाडं असतात. दुसरं जवळ लागतं."

छगनने तंबाखू तोंडात टाकली. गोजरबाईकडे कोणीतरी आलं होतं आणि ती त्याला पान दाखवत होती. "मी खत घालत राहिलो," मास्तर शेवटी म्हणाले, "शेणखत घातलं, राख घातली, माशाचं पाणी घातलं. आणि याला पाहिजे होती सोबत." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले. "आमोसला लिहितो. पुढच्या खेपेला रोप आण म्हणावं, पानं नको. छगन, आलाच आहेस तर खड्डा घे. इथं, सावलीच्या बाहेर."

"कुऱ्हाडीनं व्हय, मास्तर?" छगन म्हणाला.

शांतवनने सायकल भिंतीला लावली, झाडाला नाही, आणि बाह्या वर सारल्या. "मागच्या पडवीत कुदळ आहे ना, पप्पा?" त्याने विचारलं.